चौदा दिवसांचे पाहुणे

आजचं वाचन : मार्क १०:१३-१७



हा उतारा आपल्या सगळ्यांना पाठ आहे. संडे स्कूलच्या भिंतीवर त्याचं चित्र असतं. लोक लेकरांना प्रभूकडे आणतात, शिष्य त्यांना दटावतात, प्रभू शिष्यांवर रागावतो, मुलांना कवेत घेतो, डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देतो. बहुतेक वेळा आपण सोळाव्या वचनावर थांबतो. आज मी मुद्दाम एक वचन पुढे वाचायला सांगतोय, कारण सतराव्या वचनात प्रभू वाटेला लागतो. म्हणजे तो त्या गावात राहिला नाही. त्या मुलांसाठी तो वाटसरू होता, थोड्या वेळाचा पाहुणा.

हे वचन गेले काही दिवस माझ्या डोक्यात का घोळतंय ते सांगतो. आमच्या मंडळीतून काही जण डिसेंबरच्या सुट्टीत केनियाला जाणार आहोत. चौदा दिवस. तिथल्या एका लहान मंडळीच्या शाळेत मुलांसोबत काम करायचं आहे. ऑफिसमध्ये रजा मंजूर झाली आहे. पीतज्वराची लस घ्यायची आहे. ती घेतल्यावर दाखला १० दिवसांनी लागू होतो आणि तो नसेल तर परत येताना भारताच्या विमानतळावर अडवतात, म्हणून ते काम शेवटच्या आठवड्यावर ठेवता येत नाही. तयारीची एक एक्सेल शीट आहे. त्यात व्हिसा, लस, इन्शुरन्स, गाणी, खेळ, खाऊ असे कॉलम आहेत. "का?" असा कॉलम मात्र त्या शीटमध्ये नाही.

तो कॉलम माझ्या आईने भरायला लावला. आई असोद्याला असते, जळगावच्या शेजारी. फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पोरं तर इथंबी आहेत नं भाऊ. मंग इतलं दूर काबरं?"

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. आणि हा प्रश्न फक्त माझ्या आईचा नाही. तुमच्यापैकी जे कुणी अशा ट्रिपचा विचार करताय, त्यांना हा प्रश्न कुणीतरी विचारणारच. म्हणून आज तो वचनासमोर ठेवून पाहू या.

पहिली गोष्ट, दूर जाणं हे आपोआप पुण्य नाही. मत्तय २३:१५ मध्ये प्रभूचे शब्द फार कडक आहेत. शास्त्री आणि परूशी एक माणूस आपल्या मतात आणण्यासाठी समुद्र ओलांडतात, जमीन तुडवतात, आणि शेवटी त्या माणसाचं भलं करण्याऐवजी त्याला स्वतःहून वाईट करून सोडतात, असं तो म्हणतो. हे वाचून मी दचकतो. प्रवासाचे कष्ट त्यांनीही घेतले होते. पैसे त्यांनीही खर्च केले होते. तळमळही असेल. तरी प्रभू मोजतो ते वेगळंच : ज्याच्याकडे गेलात त्याचं पुढे काय झालं?

आता हा प्रश्न मुलांच्या बाबतीत विचारू. जगात गेल्या काही वर्षांत यावर बराच विचार झाला आहे आणि तो आपल्याला ठाऊक असायला हवा. परदेशातून हौशी स्वयंसेवक अनाथाश्रमांत येतात, पंधरा दिवस मुलांशी खेळतात, फोटो काढतात, देणगी देतात. काही देशांत असं दिसून आलं की आश्रमांतल्या बहुसंख्य मुलांना आई किंवा वडील, निदान एक तरी, हयात आहेत. कंबोडियाचं उदाहरण प्रसिद्ध आहे. गरिबीमुळे मुलं तिथे आणली गेली होती. आणि पाहुणे अनाथ मुलं बघायला येत राहिले, तशी मुलं आणणंही चालू राहिलं. ऑस्ट्रेलियाने २०१८ साली आधुनिक गुलामगिरीविरुद्धचा कायदा केला, तेव्हा अनाथाश्रमांसाठी होणारी मुलांची ने-आण हा त्याच गुलामगिरीचा एक प्रकार आहे, हे मान्य केलं. २०१९ साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने पालकांविना वाढणाऱ्या मुलांबद्दल ठराव केला, त्यातही अशा स्वयंसेवेचे धोके नोंदवले. केनियाने स्वतः २०२२ ते २०३२ अशी दहा वर्षांची योजना आखली आहे. तिचा हेतू असा की मुलं संस्थांमधून कुटुंबांत परत जावीत.

या सगळ्यात वाईट माणसं थोडी असतील. पण बरीचशी तुमच्या-माझ्यासारखीच असतील. प्रार्थना करून निघालेली, खाऊ घेऊन गेलेली, परत येताना रडलेली. चांगल्या हेतूने केलेली गोष्टही नुकसान करू शकते, हा या प्रकरणातला बोचणारा भाग आहे.

आणि मुलाच्या बाजूने पाहा. दर महिन्याला नवा ताई-दादा येतो, उचलून घेतो, "तू माझा लाडका" म्हणतो आणि निघून जातो. पुन्हा दुसरा येतो. मूल यातून काय शिकतं? जॉन बोल्बी या मानसोपचारतज्ज्ञाने १९५१ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी अहवाल लिहिला होता. त्याचा गाभा असा की लहान मुलाच्या मनाच्या वाढीला एका माणसाची सततची, टिकणारी माया लागते. आपल्या आज्यांना हे अहवालाशिवाय ठाऊक होतं. मुलाला येणारी-जाणारी शंभर माणसं नको असतात, संध्याकाळी घरी परत येणारं एक माणूस हवं असतं.

आपण आयटीवाले हे लगेच समजू शकतो. दोन आठवड्यांसाठी बाहेरचा कन्सल्टंट येतो, प्रॉडक्शनमध्ये बदल करतो, सगळ्यांसोबत फोटो काढतो आणि विमान पकडतो. रात्री तीन वाजता सिस्टीम पडते तेव्हा फोन कुणाला लागतो? जो इथेच आहे त्याला. ऑन-कॉल ज्याची आहे त्याला न विचारता कोडला हात लावू नये, हा साधा शिष्टाचार आपण ऑफिसात पाळतो. मुलांच्या बाबतीत तोच का विसरावा? तिथल्या मुलांची ऑन-कॉल ड्यूटी त्यांच्या आयांची आहे, त्यांच्या शिक्षकांची आहे, तिथल्या पाळकांची आहे.

मग जाऊच नये का? केनियाच्या तिकिटाचे पैसे सरळ पाठवून द्यावेत? आमच्या गटातल्या एका ताईने नेमकं हेच केलं. दोन आठवडे प्रार्थना केली, नाव मागे घेतलं आणि तिकिटाची रक्कम तिथल्या शिक्षकांच्या पगारासाठी दिली. कुणी कुजबुजलं की तिचा विश्वास कमी पडला. मला तसं वाटत नाही. तिने हिशेब मांडला आणि त्याप्रमाणे वागली. जो जातो त्याने निदान तिच्याइतका विचार करून जावं, एवढंच.

इथे आपल्या महाराष्ट्राकडे थोडं वळू या. कारण मुलांसाठी घर सोडून दूर जाणं ही गोष्ट आपल्याला नवी नाही. आपण तर अशा लोकांच्या कामाची फळं खाल्ली आहेत.

सिंथिया फरार ही अमेरिकन बाई १८२७ साली मुंबईत उतरली. लग्न झालेलं नाही, सोबत घरचं कुणी नाही, आणि काम मुलींना शिकवण्याचं. पुढे ती त्या वेळच्या अहमदनगरला गेली आणि १८६२ साली तिथेच वारली. जोतीराव फुल्यांनी तिची मुलींची शाळा पाहिली होती आणि १८४८ साली पुण्यात स्वतः मुलींची शाळा काढली. फरारबाईंचं काम त्यांच्या शाळेपुरतं राहिलं नाही. इथल्या माणसाने ते पाहिलं, आपलंसं केलं आणि आपल्या पद्धतीने पुढे नेलं. पाहुण्याच्या कामाला याहून चांगलं फळ कुठलं? पण लक्षात घ्या, त्यामागे जवळपास पस्तीस वर्षं आहेत.

पंडिता रमाबाईंचा प्रवास उलट्या दिशेचा. त्या १८८६ साली डॉ. आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी फिलाडेल्फियाला गेल्या. समारंभ आटोपून परतल्या नाहीत. तिथल्या शाळा पाहिल्या, फ्रोबेलची बालोद्यान पद्धत शिकून घेतली, मराठी मुलांसाठी क्रमिक पुस्तकं तयार केली. मग ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडलं. म्हणजे मुलांसमोर उभं राहण्याआधी त्यांनी स्वतः विद्यार्थी होऊन घेतलं. संस्कृतच्या एवढ्या मोठ्या पंडिता, पण लहान मुलांना कसं शिकवायचं हे वेगळं शिकावं लागतं, हे त्यांनी मानलं.

पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुली-बायकांना घेऊन आल्या. कुणी म्हणेल, त्यांनीही मुली दुसरीकडे नेल्याच की! खरंय. पण तिथे भूक होती, पोरकेपण होतं, आणि मुलींना फसवून नेणारे टपलेले होते. रमाबाईंनी स्वतः तरुणपणी दुष्काळात आई-वडील गमावले होते. आणि आणल्यावर सोडलं नाही. केडगावला मुक्ती सदनात त्यांना अन्न दिलं, अक्षर दिलं, हाताला काम दिलं आणि १९२२ साली मरेपर्यंत त्यांच्याचसोबत राहिल्या. ज्याने मुलाला उचलून घेतलं, त्याने हात खाली करू नये, हा त्यांचा हिशेब.

रमाबाईंच्या गोष्टीत आपल्याला अवघड वाटणारंही एक पान आहे आणि ते वगळून चालणार नाही. १८९३ साली पुण्यात शारदा सदनावरून वादळ उठलं. तिथे मुलींवर ख्रिस्ती प्रभाव पडतो असा आक्षेप होता. सल्लागार मंडळातल्या प्रतिष्ठितांनी अंग काढून घेतलं, बऱ्याच पालकांनी मुली परत नेल्या. रमाबाईंची बाजू अशी होती की त्या स्वतःची प्रार्थना दार लावून करणार नाहीत आणि कुणी मुलगी येऊन बसली तर तिला हाकलणार नाहीत. दोन्ही बाजूंबद्दल आजही वाद घालता येतो. मला त्यातून एवढं दिसतं की पालकांचा भरवसा ही काचेची वस्तू आहे. मूल आपल्याकडे सोपवलं जातं तेव्हा त्याच्यासोबत त्याच्या आईचा जीव सोपवलेला असतो.

म्हणून एक गोष्ट मी स्पष्ट लिहितो. ज्या हाताने चॉकलेट द्यायचं त्याच हाताने लगेच निर्णयाचं कार्ड पुढे करायचं, हे मला पटत नाही. सहा वर्षांच्या मुलाचा 'हो' हा बहुधा खाऊला दिलेला 'हो' असतो. प्रभूने त्या दिवशी मुलांना कवेत घेतलं तेव्हा त्यांच्याकडून काही वदवून घेतलं नाही. फक्त आशीर्वाद दिला. तुमच्या विश्वासाबद्दल कुणी विचारलं तर मोकळेपणी सांगा, लपवू नका. पण आकडा मोजून परत येऊ नका.

आमच्या खानदेशातली आठवण काढायची तर साने गुरुजींची काढावी लागेल. ते ख्रिस्ती नव्हते, पण मुलांमध्ये राहणं म्हणजे काय ते त्यांच्याकडून शिकावं. कोकणातल्या पालगडचा हा माणूस १९२४ साली अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक म्हणून आला. पालगडहून अमळनेर म्हणजे तेव्हा परदेशच. भाषा वेगळी, हवा वेगळी, जेवण वेगळं. छात्रालयात ते मुलांच्या खोल्या झाडत, कपडे धूत, आजारी मुलाच्या उशाशी बसत, आणि रोज मुलांसाठी हाताने लिहून 'छात्रालय दैनिक' काढत. १९३० साली नोकरी सोडून ते स्वातंत्र्यलढ्यात गेले. म्हणजे वर्षं सहाच. पण त्या सहा वर्षांतला मोठा भाग खोली झाडण्यात आणि कपडे धुण्यात गेला, ज्याचे फोटो नाहीत.

फरारबाईंची पस्तीस वर्षं, रमाबाईंचं उरलेलं आयुष्य, गुरुजींची सहा वर्षं. आणि आमचे चौदा दिवस. हे आकडे शेजारी ठेवले की मान खाली जाते. पण इथेच ते सतरावं वचन माझ्या मदतीला येतं.

प्रभू त्या मुलांसाठी चौदा दिवसही थांबला नाही. तरी ती भेट रिकामी गेली नाही. का? पुन्हा वाचा. ती मुलं आपापली आली नव्हती. लूक तर सांगतो की लोकांनी तान्ह्या बाळांनाही आणलं होतं. कुणीतरी त्यांना कडेवर घेऊन आलं होतं. कोण, ते लिहिलेलं नाही. पण तान्हं बाळ कडेवर घेऊन कोण फिरतं हे आपल्याला कळतं. प्रभूने मुलाला घेतलं, आशीर्वाद दिला, आणि तो पुढे निघाला. मुलं ज्यांची होती त्यांच्याकडेच राहिली. त्याने त्या आयांची जागा घेतली नाही. उलट ज्यांना शिष्य हाकलत होते, त्यांचा मान सगळ्यांसमोर राखला. थोड्या वेळाचा पाहुणा एवढं नक्की करू शकतो : जे कायम राहणार आहेत त्यांचे हात बळकट करून जाणं.

पौलही रोमकरांस १:११-१२ मध्ये असंच काही बोलतो. तुम्हाला भेटायची ओढ आहे, काही द्यायचंय, असं सुरू करतो आणि लगेच वाक्य सावरून म्हणतो की खरं तर तुमच्या विश्वासाने मला आणि माझ्या विश्वासाने तुम्हाला, दोघांनाही धीर मिळावा. एवढा मोठा प्रेषित, पण भेट एकतर्फी ठेवत नाही. पैसे पाठवण्यात आणि जाण्यात फरक असेल तर तो हाच. पैसे एकाच दिशेने जातात. माणूस गेला तर त्याला परत काही घेऊन यावं लागतं. ऑफिसच्या भाषेत, आपण केटी द्यायला चाललोय असं वाटतं; खरं तर केटी घ्यायला जायचं असतं.

आणि ज्यांना काही येत नाही असं आपण समजतो, त्यांच्याबद्दल असोद्याच्या माणसाने तरी जपून बोलावं. आमच्या गावची सर्वांत मोठी ओळख म्हणजे बहिणाबाई चौधरी, १८८० साली इथे जन्मलेल्या. शाळेची पायरी चढल्या नाहीत, लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांच्या कविता मुलाने आणि नातलगाने उतरवून घेतल्या म्हणून राहिल्या, आणि पुस्तक झालं ते त्यांच्या मृत्यूनंतर, १९५२ साली. कुणी पाहुणा त्यांच्या दारी 'अडाणी बाईला शिकवायला' आला असता तर काय घेऊन गेला असता आणि काय हरवून गेला असता, विचार करा.

म्हणून आमच्या शीटमध्ये आता काही बदल झाले आहेत. अनाथाश्रमाला भेट हा कार्यक्रम काढला आहे. शाळेतली मुलं संध्याकाळी आपापल्या घरी जातात, तिथेच काम करायचं. वर्ग तिथल्या शिक्षकांनीच घ्यायचा, आम्ही मदतनीस. मला दिलेलं काम म्हणजे शाळेचे जुने कॉम्प्युटर दुरुस्त करणं आणि ते पुढे कसे चालू ठेवायचे हे दोन शिक्षकांना शिकवणं. मुलांच्या चेहऱ्यांचे फोटो स्टेटसवर टाकायचे नाहीत. कुठल्याही मुलासोबत एकट्याने खोलीत थांबायचं नाही आणि प्रत्येकाने पोलीस पडताळणी करून घ्यायची. "मी पुन्हा येईन" असं, नक्की येणार नसू तर, कुणालाही म्हणायचं नाही. स्वाहिली शिकायला सुरुवात केली आहे. 'वाटोटो' म्हणजे मुलं. पण मी आधी 'म्वालिमू' पाठ केलं, म्हणजे शिक्षक.

आता आईचा प्रश्न. इथली पोरं? प्रेषितांची कृत्ये १:८ मध्ये प्रभू साक्षीचा क्रम सांगतो : यरुशलेम, यहूदिया, शोमरोन आणि मग पृथ्वीची टोकं. शेवटची जागा खरी आहे, तिथे जायचंच आहे. पण यरुशलेम वगळून विमान पकडता येत नाही. ज्याला गल्लीतल्या मुलाचं नाव माहीत नाही, तो दूरच्या मुलावर प्रेम करतो तेव्हा ते प्रेम मुलावर आहे की दूरवर, हे तपासायला हवं. खानदेशात ऊसतोडीला जाणाऱ्या घरांची मुलं आहेत, सातपुड्यातून केळीच्या बागांवर कामाला येणाऱ्यांची मुलं आहेत, शाळा मध्येच सुटलेली. पुण्यात माझ्या सोसायटीच्या मागे बांधकामावरच्या मजुरांची आहेत. गटाने ठरवलंय की जाण्याआधी तीन महिने आणि आल्यावर वर्षभर, दर शनिवारी त्या वस्तीत अभ्यासाला बसायचं. ज्याला हे जमणार नाही त्याने केनियालाही येऊ नये. हा नियम ठरला आणि गट बारावरून सातवर आला. सात पुरे आहेत.

आईला हे सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "मंग जाय. पण शनवार चुकवू नको."

शेवटी सतराव्या वचनातला तो माणूसही पाहा. मुलं निघून जातात न जातात तोच तो धावत येतो आणि विचारतो, मी काय करू? तो श्रीमंत आहे, नेमाने वागणारा आहे, काहीतरी मोठं करायला उत्सुक आहे. आमच्यासारखाच. मुलांनी प्रभूकडून रिकाम्या हातांनी घेतलं. याचे हात इतके भरलेले होते की त्याला घेता आलं नाही आणि तो खिन्न होऊन गेला. बॅग भरताना मी हे लक्षात ठेवणार आहे. तेवीस किलोची मर्यादा विमान कंपनीची आहे. प्रभूला कदाचित त्याहून हलकी बॅग हवी असेल.

मननासाठी : तुम्ही ज्यांची सेवा करता, त्यांच्याजवळ तुम्ही गेल्यावरही राहणारी माणसं कोण आहेत? त्यांची नावं तुम्हाला माहीत आहेत का? या आठवड्यात त्यांपैकी एकाला फोन करा.

प्रार्थना : हे प्रभू, तू मुलांना कवेत घेतलंस आणि त्यांना त्यांच्या माणसांजवळ ठेवलंस. आम्हाला पाहुण्यासारखं जायला शिकव. देताना आमचा हात जड होऊ देऊ नकोस, घेताना आमचं मन ताठ होऊ देऊ नकोस. दूरच्या लेकरांना आणि दाराशी असलेल्या लेकरांना आम्हाला एकाच नजरेने पाहू दे. आणि त्यांच्या आया, त्यांचे शिक्षक, रात्री त्यांच्या उशाशी जागणारे सगळे, यांना तूच बळ दे. येशूच्या नावाने मागतो. आमेन.